मुक्तस्रोत प्रकल्पाच्या गप्पा कुठे हलवाव्यात?

चौथी_विंडो

आमचा एक छोटा मुक्तस्रोत प्रकल्प आहे. फोटोंचा संग्रह लावायचा, एकाच फोटोच्या दोन-दोन प्रती शोधायच्या, तारखेनुसार फोल्डर करायचे, एवढंच काम. नियमित कोड लिहिणारे दहा-बाराजण, अधूनमधून पॅच (कोडमधल्या छोट्या दुरुस्त्या) पाठवणारे तीसेक आणि नुसते वापरणारे बरेच. कोड आणि इश्यू (बग-सूचनांच्या नोंदी) जिथे असायला हवेत तिथे आहेत, त्यांची तक्रार नाही. तक्रार गप्पांची आहे. सुरुवातीला सोय म्हणून फोनवरच्या एका मेसेजिंग ॲपवर ग्रुप काढला, तो आता हाताबाहेर गेलाय. प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. ‘इन्स्टॉल होत नाही’ हा प्रश्न दर आठवड्याला नव्याने येतो, कारण मागचं उत्तर कुणालाच सापडत नाही. एक मेंटेनर (प्रकल्प सांभाळणाऱ्यांपैकी) ग्रुप म्यूट करून बसलाय, दुसरी सोडून गेली (ग्रुप, प्रकल्प नाही, सुदैवाने).

तर हलायचं हे ठरलंय, कुठे हे ठरत नाही. नावं नेहमीचीच: आयआरसी (जुनी, नुसत्या मजकुराची चॅट), स्लॅक, डिस्कॉर्ड, मॅट्रिक्स, झुलिप. अटी तीन. स्वतःचा सर्व्हर सांभाळायला आमच्यात कुणाला वेळ नाही. जुनं बोलणं शोधता आलं पाहिजे. आणि नवख्या माणसाला पहिला प्रश्न विचारायला पाच मिनिटांपेक्षा जास्त खटपट पडू नये.

ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय किंवा अशी हलवाहलव केलीय त्यांनी सांगा. कृपया भांडू नका.

जुना_मोडेम

आयआरसी. धागा बंद करावा.

अर्धविराम

‘कृपया भांडू नका’ असं लिहिलंत म्हणजे शंभर प्रतिसादांची तजवीज झाली. जागा पकडून बसतोय.

टर्मिनलवाली

मोडेमकाकांशी सहमत, पण मी कारणंही देते.

आयआरसी १९८८ चं. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी लिहिलेलं. त्यानंतर त्याची जागा घ्यायला किती आले आणि त्यातले किती टिकले ते बघा. प्रोटोकॉल (ॲपांनी एकमेकांशी बोलायचे ठरलेले नियम) कुणाच्याच मालकीचा नाही, म्हणून तो कुणाला बंदही करता येत नाही.

याची परीक्षा मे २०२१ मध्ये झाली. फ्रीनोड हे तेव्हा मुक्तस्रोतवाल्यांचं सगळ्यात मोठं नेटवर्क. त्याच्या ताब्यावरून वाद झाला, स्वयंसेवक स्टाफने एकगठ्ठा राजीनामे दिले आणि १९ मेला लिबेरा चॅट सुरू केलं. जुन्या नेटवर्कच्या नव्या कारभाऱ्यांनी काय केलं, तर ज्या चॅनेलच्या टॉपिकमध्ये (वरच्या माहितीच्या ओळीत) लिबेराचं नाव दिसलं अशी शेकडो चॅनेल एका फटक्यात ताब्यात घेतली. परिणाम? जे काठावर होते तेही उठले. उबंटू, विकिमीडिया, जेंटू सगळे हलले. क्लायंट (वापरायचं ॲप) तोच, कमांड त्याच, फक्त सर्व्हरचा पत्ता बदलला. मालकी असलेल्या ॲपवर हे करून दाखवा.

नोंदी ठेवायला एक बॉट लावा, नवख्यांना वेबचॅटची लिंक द्या. झालं काम.

बग_बहाद्दर

@टर्मिनलवाली, फ्रीनोडची गोष्ट मला निम्मीच तुमच्या बाजूची वाटते. पत्ता बदलला खरा, पण तो किती ठिकाणी बदलावा लागला? रीडमी, वेबसाइट, पॅकेजची माहिती, छापलेली पुस्तकं. माझ्या ओळखीच्या एका प्रकल्पाच्या दस्तऐवजांत अजून जुना पत्ता आहे आणि अजून कुणीतरी तिथे जाऊन ‘कुणी आहे का’ विचारत असेल.

खरी अडचण वेगळीच. लॅपटॉप मिटला की आयआरसीवर तुम्ही नाहीसे. नवखा येतो, प्रश्न टाकतो, वीस मिनिटं थांबतो, कंटाळून खिडकी बंद करतो. एकविसाव्या मिनिटाला उत्तर देणारा जागा होतो आणि बघतो तर माणूस गेलेला. हे मी किती वेळा पाहिलंय त्याची गणती नाही. यावर उपाय बाउन्सर, म्हणजे तुमच्या जागी सतत जोडलेला राहून संदेश साठवणारा प्रोग्राम, झेडएनसी वगैरे. पण ‘फोटो लागत नाहीत’ म्हणून आलेल्या माणसाला तुम्ही आधी बाउन्सर बसवायला सांगणार का?

आणि देवनागरीचा हिशोब करा. आयआरसीचा एक संदेश ५१२ बाइटचा, त्यातच कमांड, चॅनेलचं नाव, पाठवणाऱ्याची ओळख, शेवटची ओळमोड सगळं आलं. मजकुराला चारशेच्या वर जेमतेम काही उरतात. यूटीएफ-८ मध्ये (संगणक अक्षरं साठवतो त्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे: ‘क्षि’ मध्ये क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हं, बारा बाइट. म्हणजे इंग्रजीत लिहिणाऱ्याला जो संदेश तीन-चार ओळींचा मिळतो तो आपल्याला एका धड वाक्याचा. काही क्लायंट नीट तुकडे करतात, काही अक्षराच्या मधोमध कापतात आणि समोरच्याला शेवटी चौकोन दिसतो.

टर्मिनलवाली

चौकोनाचा मुद्दा मान्य. इतिहासाची सोय मात्र आयआरसीव्ही३ या नव्या विस्तारांत आहे. एर्गोसारखे सर्व्हर मागचे संदेश स्वतः देतात, बाउन्सर लागत नाही.

बग_बहाद्दर

एर्गो म्हणजे स्वतःचा सर्व्हर. धागाकर्त्यांची पहिली अट पुन्हा वाचा.

जुना_मोडेम

अट बदलावी.

शून्यातून_एक

मी तुमच्यापेक्षा एक पिढी नंतरचा, त्यामुळे सरळ विचारतो: लोक जिथे आधीच आहेत तिथे का जात नाही? डिस्कॉर्ड. नवीन मुलं कोड लिहायला शिकतात तेव्हा त्यांच्याकडे आयआरसीचा क्लायंट नसतो, डिस्कॉर्डचं अकाउंट असतं. लिंक दाबली की आत. आवाजी चॅनेल आहे, स्क्रीन दाखवता येते. एखादा बग लेखी समजावताना अर्धा दिवस जातो तो स्क्रीन दाखवून पाच मिनिटांत सुटतो. फोरम चॅनेल काढलं की प्रत्येक प्रश्नाचं वेगळं पान होतं, वर ‘सुटला’ असा टॅग लावता येतो. सर्व्हर सांभाळायचा नाही, पैसे नाहीत. तिन्ही अटी पूर्ण.

आमच्या प्रकल्पात आलेले निम्मे नवीन लोक आधी डिस्कॉर्डवर टवाळक्या करायला आले आणि मग पॅच पाठवायला लागले. टवाळकी ही पण भरती आहे.

टर्मिनलवाली

दुसरी अट पूर्ण होत नाही. डिस्कॉर्डच्या आत शोध आहे, पण बाहेरून सगळं बंद. शोधयंत्राला तिथलं एक अक्षर दिसत नाही. म्हणजे ‘इन्स्टॉल होत नाही’चं उत्तर तुम्ही कितीही सुंदर लिहा, अडलेला माणूस त्रुटीचा संदेश शोधात टाकेल तेव्हा ते त्याला सापडणार नाही. तो आधी तुमच्या सर्व्हरात आला पाहिजे, मग शोधायला पाहिजे. आणि आलाच आहे तर तो शोधत नाही, विचारतो.

दुसरं, वेगळा क्लायंट वापरणं त्यांच्या नियमांत बसत नाही. मुक्त सॉफ्टवेअरवर बोलायला बंद ॲप सक्तीचं, हे निदान मला तरी पचत नाही.

डावा_कंस

शिवाय ओळख-पडताळणी. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्डनेच जाहीर केलं की ग्राहकसेवेचं काम पाहणाऱ्या त्यांच्या बाहेरच्या कंत्राटदाराकडून माहिती फुटली, त्यात वयाच्या पडताळणीसाठी लोकांनी दिलेल्या सरकारी ओळखपत्रांचे फोटोही होते. सुमारे ७०,००० लोकांचे. फोटो लावायच्या सॉफ्टवेअरसाठी ओळखपत्राचा फोटो कुठे जाईल याची काळजी करायची वेळ यावी, हे जरा गमतीचंच.

शून्यातून_एक

ओळखपत्र प्रत्येकाला द्यावं लागत नाही, उगाच घाबरवू नका. बाकी शोधयंत्राचा मुद्दा मान्य. आम्ही त्यावर तोडगा म्हणून चांगली उत्तरं महिन्यातून एकदा विकीवर हलवतो.

अर्धविराम

महिन्यातून एकदा खरंच?

शून्यातून_एक

… आठवण आली की.

सायलेंट_मोड

स्लॅकचं नाव कुणी काढलं नाही म्हणून मी काढतो, पण नको म्हणायला. मी काही वर्षं एका बऱ्यापैकी मोठ्या प्रकल्पाच्या स्लॅकमध्ये होतो. वापरायला छान, नोकरीत तेच असतं त्यामुळे शिकायचं काही नसतं. अडचण मोफत योजनेची. आधी शेवटचे १०,००० संदेश दिसायचे. सप्टेंबर २०२२ पासून मोजणी दिवसांत आली, फक्त ९० दिवसांचं दिसतं. २०२४ पासून तर वर्षाहून जुनं मोफत जागेतून कायमचं पुसलं जातं. कंपनीसाठी हे ठीक आहे, पैसे भरतात. ज्या प्रकल्पात दर माणशी दर महिना पैसे मोजायचे आणि माणसं हजारो, त्यांनी करायचं काय?

मोठ्यांनाही हा झटका बसतो. जून २०२५ मध्ये क्युबरनेटीसच्या (सर्व्हरवरची सॉफ्टवेअर चालवणारा मोठा मुक्तस्रोत प्रकल्प) स्लॅकला कळवण्यात आलं की त्यांना मिळत असलेली विशेष सवलत संपणार, आणि मुदत अगदी तुटपुंजी. तिथे लाखावर सभासद. धावपळ सुरू झाली, कुठे जायचं याची चर्चा, नोंदी उतरवून घ्यायची घाई, आणि मग स्लॅकने निर्णय फिरवला. शेवट गोड झाला, पण आपल्या प्रकल्पासाठी कोण निर्णय फिरवणार आहे?

आयआरसीवाल्यांना आठवत असेलच, सुरुवातीला स्लॅकला आयआरसी आणि एक्सएमपीपी (आणखी एक खुला चॅट-प्रोटोकॉल) क्लायंटने जोडता यायचं. मे २०१८ मध्ये ते दार बंद केलं. आत आणताना दार मोठं, मग हळूहळू लहान.

जुना_मोडेम

एक्सएमपीपीचं नाव निघालंच आहे तर…

अर्धविराम

काका, नको.

जुना_मोडेम

१९९९ पासून आहे. आयईटीएफचं (इंटरनेटची मानकं ठरवणारी संस्था) प्रमाणित आहे. एवढंच म्हणतो आणि गप्प बसतो.

डावा_कंस

मॅट्रिक्सबद्दल सविस्तर लिहितो, कारण आमचा प्रकल्प तिथे आहे आणि मी तिथला एक मॉडरेटर. आधी चांगलं.

मॅट्रिक्स म्हणजे ॲप नाही, प्रोटोकॉल. २०१४ पासून आहे. ईमेलसारखं: तुमचं अकाउंट एका होमसर्व्हरवर, माझं दुसऱ्यावर, खोली एकच. खोलीचा इतिहास त्यात असलेल्या प्रत्येक सर्व्हरकडे असतो, त्यामुळे एक सर्व्हर पडला तरी बाकीच्यांचं बोलणं चालू राहतं. फायरफॉक्सवाल्या मोझिलाने स्वतःचं आयआरसी बंद करायचं ठरवलं तेव्हा मॅटरमोस्ट, रॉकेट चॅट, स्लॅक अशी तुलना करून डिसेंबर २०१९ मध्ये मॅट्रिक्स निवडलं आणि २०२० च्या मार्चमध्ये जुना सर्व्हर बंद केला. केडीई, ग्नोम, फेडोरा हेही तिथे आहेत. म्हणजे मोठ्या प्रकल्पांना झेपतं हे सिद्ध आहे.

आता रोजचं. नवखा येतो, त्याला आधी क्लायंट निवडायचा, मग सर्व्हर निवडायचा, मग रिकव्हरी की (कुलूपबंद संदेश परत उघडायची किल्ली) जपून ठेवायची. कुठला सर्व्हर हा प्रश्न आला की लोक भांबावतात आणि सगळे मॅट्रिक्स डॉट ऑर्गवरच अकाउंट काढतात. मग विकेंद्रित कसलं? सप्टेंबर २०२५ मध्ये त्या सर्व्हरचा डेटाबेस बिघडला आणि जवळजवळ दिवसभर तो बंद होता. खोली चालू होती, आमच्यापैकी स्वतंत्र सर्व्हरवर असलेले मोजके लोक आरामात बोलत होते. बाकीच्यांना वाटलं प्रकल्पच गेला.

एन्क्रिप्शनची एक गोष्ट ध्यानात ठेवा: सार्वजनिक खोलीत ते चालू करूच नका. एकदा चालू केलं की त्या खोलीत परत बंद करता येत नाही. दार सताड उघडं असलेल्या खोलीत त्याचा उपयोग काही नाही, आणि नवीन आलेल्याला मागचं वाचता येत नाही. समोर नुसती ‘हा संदेश उलगडता आला नाही’ची रांग. आमच्याकडे कुणीतरी उत्साहाने ते बटण दाबलं होतं. शेवटी नवीन खोली काढून सगळ्यांना तिकडे हलवावं लागलं.

आणि ब्रिजवर, म्हणजे दोन चॅट जोडणाऱ्या पुलावर, विसंबू नका. मॅट्रिक्स डॉट ऑर्ग आणि लिबेरा यांच्यात दोनेक वर्षं ब्रिज होता, लोक इकडून तिकडे बोलायचे. त्यात स्थिरतेच्या कुरबुरी वाढल्या, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये तो तात्पुरता म्हणून बंद झाला, नोव्हेंबरअखेर कायमचाच.

तरी आम्ही तिथेच आहोत. तत्त्व पटतं म्हणून, आणि आमच्यात दोघांना सर्व्हर सांभाळायची हौस आहे म्हणून. धागाकर्त्यांकडे ही हौस नाही असं दिसतंय.

बग_बहाद्दर

ब्रिजबद्दल दुजोरा. मॅटरब्रिज लावून आम्ही तीन ठिकाणं जोडली होती. आयआरसीवाल्यांना पलीकडचे सगळे एकाच बॉटच्या तोंडून बोलताना दिसायचे. पलीकडे कुणी संदेश दुरुस्त केला की इकडे अख्खा संदेश पुन्हा. कुणी उत्तर दिलं की आधी अर्धा परिच्छेद उद्धृत आणि मग ‘हो’. आणि एका बाजूला हाकललेला माणूस दुसऱ्या बाजूने हजर, कारण बंदी ब्रिज ओलांडत नाही.

पानभर

मी स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरते, त्यामुळे माझा निकष तुम्हा कुणाच्या यादीत नाही. आयआरसी मला सगळ्यात सोपं पडतं: एक ओळ, नाव, मजकूर, पुढची ओळ. चकचकीत ॲपमध्ये प्रत्येक संदेशाबरोबर वेळ, बॅज, भूमिका, ‘प्रतिक्रिया द्या’ बटण, ‘आणखी’ बटण, वर कुणी अंगठा दाखवला त्याची मोजणी. सहा शब्दांचा संदेश ऐकायला वीस शब्द ऐकावे लागतात. एका प्रकल्पात मी विचारलं की कुणी मजकुराऐवजी स्क्रीनशॉट टाकू नका, त्रुटी मजकूर म्हणून चिकटवा, तर उत्तरादाखल रडक्या चेहऱ्याच्या सतरा प्रतिक्रिया आल्या. त्याही वाचून दाखवल्या गेल्या.

ठरवायच्या आधी तुमच्यातल्या एखाद्याने माउस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डवर नवीन अकाउंट काढून, चॅनेल शोधून, एक प्रश्न विचारून बघावा. अकाउंट काढतानाचं चित्रकोडंच बऱ्याच जणांना बाहेर ठेवतं.

चौथी_विंडो

@पानभर, हे खरंच डोक्यात नव्हतं आलं. चाचणीत घेतो. स्क्रीनशॉटचा नियम तर आजच ग्रुपवर टाकतोय, तो कुठल्याही प्लॅटफॉर्मवर लागतो.

झुलिपबद्दल अजून कुणी लिहिलं नाही.

सेमीकोलन_ताई

लिहिते. बरेच दिवस वाचनमात्र होते, पण झुलिपचा विषय आला की राहवत नाही.

झुलिपमध्ये चॅनेल असतंच, पण प्रत्येक संदेशाला विषयही द्यायचा असतो. ईमेलला असतो तसा. बाकीच्या ठिकाणी चारजण चार गोष्टी एकाच प्रवाहात बोलत असतात. झुलिपमध्ये ‘२.४ मध्ये थंबनेल काळे दिसतात’ हा एक विषय, ‘रिलीज कधी’ हा दुसरा. मी दोन दिवसांनी आले तर मला शंभर न वाचलेले संदेश दिसत नाहीत, नऊ विषय दिसतात. त्यातले सहा न वाचता बाजूला करते, उरलेल्या तिनांत उत्तर देते. आणि जुन्या विषयात उत्तर दिलं तरी ते जागच्या जागी बसतं, चालू गप्पांच्या मध्ये पडत नाही. वेगवेगळ्या वेळी जागे असणाऱ्या लोकांसाठी मला याहून चांगली रचना माहीत नाही.

कुणी चुकीच्या विषयात लिहिलं तर मॉडरेटर तेवढे संदेश उचलून वेगळ्या विषयात ठेवतो. प्रश्न सुटला की विषयावर ‘सुटला’ची खूण करता येते, नावापुढे बरोबरची खूण येते. आमच्याकडे हे काम एकजण आवडीने करतो. असा एक माणूस लागतोच, तो नसेल तर ‘प्रश्न’, ‘मदत’, ‘पुन्हा मदत’ असे विषय साचतात.

२०१२ मध्ये सुरू झालं, ड्रॉपबॉक्सने २०१४ मध्ये घेतलं, २०१५ मध्ये अपाची परवान्याखाली खुलं केलं. आता स्वतंत्र आहे. मुक्तस्रोत प्रकल्पांना त्यांच्या क्लाउडवर वरची योजना मोफत मिळते, म्हणजे तुमचा सर्व्हरचा प्रश्न मिटला. उद्या फाटलं तर सगळा डेटा उतरवून स्वतःच्या सर्व्हरवर तेच सॉफ्टवेअर चढवता येतं. रस्ट भाषेच्या विकासाची बरीच चर्चा तिथे चालते, आणि गणिती सिद्धता तपासणारी लीन नावाची भाषा आहे, तिचा अख्खा समुदाय तिथे आहे. चॅनेल सार्वजनिक केलं तर अकाउंट न काढता वाचता येतं.

आता खोट. पहिल्या दिवशी लोक बिचकतात. ‘विषय काय लिहू?’ इथेच अडतात. मोबाइल ॲप बरं आहे, पण डिस्कॉर्डइतकं गुळगुळीत नाही. आणि टवाळकी फारशी होत नाही. शून्यातून_एक म्हणतात ती भरती इथे कमी. मान्य करायला जीवावर येतंय, पण आहे खरं.

अर्धविराम

प्रत्येक संदेशाला विषय? मग मी बोलूच शकणार नाही. माझ्या संदेशांना विषय नसतो.

सेमीकोलन_ताई

तुमच्यासाठी ‘अवांतर’ नावाचं अख्खं चॅनेल काढून देऊ.

डावा_कंस

@सेमीकोलन_ताई, एक शंका. न अकाउंट काढता वाचता येतं म्हणजे शोधयंत्रालाही दिसतं, आणि भाषेची मॉडेलं शिकवायला मजकूर गोळा करणाऱ्यांनाही. गप्पा मारताना माणूस सैल बोलतो. रात्री दोनला वैतागून लिहिलेलं वाक्य पाच वर्षांनी नोकरीच्या मुलाखतीत समोर यायला नको. आयआरसीवरही नोंदी प्रसिद्ध करणारा बॉट असेल तर टॉपिकमध्ये तसं लिहायची पद्धत आहे.

टर्मिनलवाली

दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. उत्तरं सापडायला हवी तर सगळं उघडं पाहिजे, मोकळं बोलायला हवं तर बंद. म्हणून चॅनेलवार ठरवा: मदत आणि विकास उघडं, गप्पाटप्पा बंद. आणि आत शिरतानाच पहिल्या ओळीत लिहा की इथलं सगळ्यांना दिसतं.

सेमीकोलन_ताई

अगदी. आमच्याकडे तसंच आहे. सुरक्षेतली भोकं मात्र या कशातच नाहीत, त्यासाठी वेगळा ईमेल पत्ता.

सायलेंट_मोड

एक विषयांतर, पण महत्त्वाचं. प्लॅटफॉर्म कुठलाही घ्या, चाव्या कुणाकडे आहेत ते आधी ठरवा. मी ज्या प्रकल्पात होतो तिथे जागा एकाने हौसेने काढली, मालक तोच. नंतर त्याची नोकरी बदलली, यायचं बंद झालं, ईमेलला उत्तर नाही. स्पॅमर शिरले तर आम्हाला त्यांना काढता येईना. नवीन मॉडरेटर नेमता येईना. तिथे सपोर्टला लिहिलं तर त्यांचं म्हणणं बरोबर होतं: मालक तो आहे, तुम्ही कोण? अखेर आम्ही सगळे उठून दुसरीकडे गेलो आणि जुनी खोली अजून प्रकल्पाच्या नावाने, प्रकल्पाच्या लोगोसह, तशीच पडलीये. त्यात आता कॉइनच्या जाहिराती चालतात.

मालक किमान तीन, वेगवेगळ्या वेळी जागे असणारे. नोंदणी एखाद्याच्या खाजगी ईमेलवर नको, प्रकल्पाच्या पत्त्यावर. आणि वर्षातून एकदा बघायचं, तिघं अजून आहेत ना.

बग_बहाद्दर

+१. प्लॅटफॉर्मच्या मालकांचंही तेच. गिटर आठवतं? कोडच्या पानावर ‘इथे बोला’ असा बिल्ला असायचा. २०१७ मध्ये गिटलॅबने घेतलं, २०२० मध्ये एलिमेंटने (मॅट्रिक्समागची कंपनी) घेतलं, २०२३ मध्ये सगळं मॅट्रिक्सवर हलवलं. तीनदा घर बदललं, भाडेकरूंना न विचारता. तरी बरं, इतिहास बरोबर नेला.

जुना_मोडेम

मुळात चॅट हवंच कशाला हे कुणी विचारणार आहे का? लिनक्स कर्नलचं काम मेलिंग लिस्टवर चालतं. चॅटमध्ये ठरलेली गोष्ट म्हणजे त्या वेळी जे जागे होते त्यांनी ठरवलेली गोष्ट. सकाळी उठून बघावं तर दोनशे ओळी आणि शेवटी ‘चला, ठरलं’. काय ठरलं, का ठरलं, कुणाचा विरोध होता, पत्ता नाही.

अर्धविराम

काकांनी एकाहून जास्त ओळी लिहिल्या. नोंद व्हावी.

शून्यातून_एक

काकांचं निम्मं पटतं. निर्णय चॅटमध्ये होऊ नयेत. पण मेलिंग लिस्टवर पहिला मेल पाठवायला जी छाती लागते ती विसरू नका. हजार लोकांच्या इनबॉक्समध्ये आपलं अज्ञान जाणार या भीतीने मी दोन वर्षं एका प्रकल्पात नुसता वाचत होतो. चॅटवर ‘बिल्ड होत नाहीये, बघता का’ एवढं म्हणता आलं आणि तिथून सुरुवात झाली.

पानभर

म्हणजे नियम सोपा ठेवा: चॅटमध्ये काहीही ठरलं तरी इश्यूमध्ये कारणासकट लिहीपर्यंत ते ठरलेलं नाही. आणि लिहिणारा तोच, ज्याला ते व्हायला हवंय. दुसऱ्या कुणावर सोपवलं की राहतं.

चौथी_विंडो

सगळ्यांचे आभार. दोन आठवडे धागा वाहता ठेवलात, त्यात आम्ही बरंच करून पाहिलं.

झुलिपच्या क्लाउडवर मुक्तस्रोतासाठी अर्ज केला, मिळाला. मेंटेनर आणि नियमित लोक तिथे हलले. ग्रुप सोडून गेलेली मेंटेनर परत बोलायला लागली. दिवसातून एकदा येऊन विषय चाळते, नोटिफिकेशन सगळी बंद. कीबोर्डची चाचणीही केली, एका ठिकाणी अडलो, ते त्यांच्याकडे इश्यू म्हणून लिहिलं.

आता नवीन गुंता. वापरणाऱ्यांना ‘तुम्हाला कुठे सोयीचं’ म्हणून विचारलं तेव्हा कळलं की आमच्या सॉफ्टवेअरच्या नावाने कुणीतरी दीड वर्षापूर्वीच डिस्कॉर्ड सर्व्हर काढलाय, आणि तिथे आमच्या ग्रुपच्या तिप्पट माणसं आहेत. एकमेकांचे प्रश्न सोडवतात, आणि बऱ्यापैकी बरोबर सोडवतात! आम्हाला एकालाही पत्ता नव्हता. चालवणारी मुलगी कॉलेजात आहे, कोड लिहीत नाही. ‘तुम्ही इकडे या’ म्हणावं, की सर्व्हर मागावा, की तसंच सोडावं? आमच्यात दोन तट पडलेत.

शून्यातून_एक

मागू नका!! तिने माणसं जमवलीत. वेबसाइटवर ‘वापरणाऱ्यांचा अड्डा’ म्हणून लिंक द्या, अधिकृत नाही हे स्पष्ट लिहा, आणि तुमच्यातल्या एकाने तिथे अधूनमधून डोकवावं.

सायलेंट_मोड

लिंक देण्याआधी चाव्यांचं बोला. मालक ती एकटीच असेल तर दुसरा-तिसरा मालक तिच्याच पसंतीने नेमायला सांगा, प्रकल्पातला नको. आणि वर्तणुकीचे नियम तुमचेच तिथे लावायला तयार आहे का ते विचारा. नाव तुमचं आहे, तिथे कुणाला त्रास झाला तर बोट तुमच्याकडे येणार.

टर्मिनलवाली

बंद ॲपची लिंक मुक्त प्रकल्पाच्या पानावर हे मला अजूनही खटकतं, पण लोक तिथे आहेत ते काही तुमच्या लिंकमुळे नाहीत. द्या. फक्त ‘बग नोंदवा’चं बोट इश्यूकडेच असू द्या, नाहीतर दोन महिन्यांत ‘मी डिस्कॉर्डवर सांगितलं होतं’ सुरू होईल.

सेमीकोलन_ताई

तिला झुलिपवर बोलवा, मेंटेनर म्हणून नाही, तर ‘लोक काय विचारतात’ या नावाच्या विषयात आठवड्याला चार ओळी लिहायला. तुम्हाला जी माहिती इश्यूंत कधीच मिळणार नाही ती तिच्याकडे आहे. कोड लिहीत नाही म्हणून योगदान देणाऱ्यांच्या यादीत नाव नसेल तर तेही आजच घाला.

चौथी_विंडो

नाव घातलं. तिचा पहिला अहवालही आला: इन्स्टॉलच्या तक्रारींत निम्म्याहून जास्त एकाच जुन्या लायब्ररीच्या, जी आम्ही दस्तऐवजांत ‘ऐच्छिक’ म्हणून लिहिली होती. ते वाक्य बदलायची पुल रिक्वेस्ट (बदलाचा प्रस्ताव) तिनेच पाठवलीये. आयआरसीवाल्यांसाठी लिबेरावर चॅनेलचं नाव राखून ठेवलंय, तीन मालकांसह. ब्रिज नाही.

जुना_मोडेम

आलोय तिथे. कुणी आहे का?

टर्मिनलवाली

आहे.